मुळा-प्रवरा: तारा सभासदांच्या, दर दुसऱ्याचा

३१ जानेवारी २०११ ला मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा वीज वितरणाचा परवाना संपला. दुसऱ्या दिवशी श्रीरामपूर, राहुरी, राहाता या पट्ट्यात त्याच खांबांवरून, त्याच डीपीतून वीज आली, पण ती महावितरणची होती. जवळजवळ चार दशकं आपल्याच संस्थेकडून वीज घेणारा दीड लाखाहून अधिक ग्राहकांचा हा मुलूख एका तारखेत सरकारी कंपनीचा ग्राहक झाला.

संस्थेवर महावितरणची दोन हजार कोटींच्या वर थकबाकी दाखवलेली होती. बहुतेकांनी तेवढा आकडा वाचला आणि ‘सहकारात असंच व्हायचं’ म्हणून विषय सोडून दिला. मला ते पटत नाही. माझं आजोळ प्रवरेच्या कालव्यावरचं. वीज म्हणजे काय हे मी तिथल्या बांधावर पाहिलं आहे. म्हणून हे प्रकरण जरा सावकाश उलगडून बघायचं आहे.

ही संस्था इथंच का

अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्याचा उत्तर भाग आणि दक्षिण भाग यांत पाण्यामुळे जमीन-अस्मानाचं अंतर आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्येच पूर्ण झालं. त्याचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले आणि ऊस आला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. पुढे राहुरीजवळ मुळेवर २६ टीएमसीचं धरण झालं. म्हणजे विजेची संस्था काढायची वेळ आली तेव्हा इथल्या माणसाला शेअर, सर्वसाधारण सभा, संचालक मंडळ, उचल, कपात हे शब्द शिकवावे लागले नाहीत. ते त्याच्या रोजच्या बोलण्यात होते.

कालव्याच्या मुलखात विजेची गरज का, असं बाहेरच्याला वाटेल. पण कालवा जातो तिथं पाझरानं आजूबाजूच्या विहिरींना पाणी वाढतं. कालव्याची पाळी सरकारच्या हातात, विहिरीचं पाणी आपल्या हातात. उसाला पाळी चुकली की वजन घटतं. त्यामुळे विहिरीवर मोटार बसवणं हा इथं चैनीचा विषय कधीच नव्हता. आधी मोट होती, मग डिझेलचं इंजिन आलं. इंजिनाला हँडल मारून मारून खांदे भरून यायचे. बटण दाबलं की पाणी, हे त्या माणसासाठी काय असेल याची कल्पना करून बघावी.

याच सुमारास दिल्लीतही हालचाल चालू होती. वेंकटप्पैया यांच्या अध्यक्षतेखालच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा आढावा समितीने खेड्यांच्या विद्युतीकरणासाठी वेगळं महामंडळ सुचवलं आणि जुलै १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं. त्याच्या कर्जावर देशात प्रयोग म्हणून पाच वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या: महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, गुजरातेत कोडिनार, कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला आणि उत्तर प्रदेशात लखनौ. कल्पना अमेरिकेतून आलेली. तिथं १९३० च्या दशकात दहातल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती, कारण विरळ वस्तीत तारा ओढणं खासगी कंपन्यांना परवडत नव्हतं. रूझवेल्ट सरकारनं १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचा विभाग काढला, पुढच्या वर्षी कायदा केला, आणि शेतकऱ्यांनी सरकारी कर्ज घेऊन आपल्याच संस्थांमार्फत खांब रोवले. अशा नऊशेच्या आसपास संस्था तिथं आजही चालतात. वर्षअखेर जो वाढावा उरतो तो सभासदाच्या खात्यावर त्याच्या वापराच्या प्रमाणात जमा होतो आणि कालांतरानं त्याला परत मिळतो. आपल्याकडच्या पाच संस्थांना सुरुवातीला सल्ला-मसलतही तिथल्याच संघाकडून मिळाली.

श्रीरामपूरला कार्यालय थाटून मुळा-प्रवरा १९७१ पासून वीज देऊ लागली. कार्यक्षेत्र श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर आणि नेवासा या भागांतली पावणेदोनशेच्या वर गावं. वीज संस्था तयार करत नव्हती. ती राज्य वीज मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि आपल्या तारांवरून किरकोळ द्यायची, दूध संघाच्या उलट: संघ दारोदारचं दूध गोळा करतो, ही संस्था एका जागची वीज दारोदार पोचवायची.

डीपीपाशी

वीज संस्था सभासदाच्या किती जवळ आहे हे कळायचं ठिकाण म्हणजे डीपी. सरकारी भाषेत रोहित्र. समजा १०० केव्हीएची डीपी आहे. पाच एचपीच्या वीसेक मोटारी तिच्यावर नीट चालतात. पण कागदावर तीन एचपी आणि विहिरीवर पाच एचपी, ही आपल्याकडची जुनी खोड. कुणी मोटार रिवाइंड करून जास्त ताकदीची केलेली असते. कपॅसिटर बसवलेला नसतो, असला तरी बिघडलेला. त्यात प्रत्येकानं स्टार्टरला ‘ऑटो’ लावून ठेवलेला. रात्री बाराला थ्री फेज आली की एकाच क्षणी तीस मोटारी उचल घ्यायला बघतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तेल तापतं, फ्यूज उडतो, कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार टाकतो आणि पुढच्या खेपेला गुंडाळीच जळते. मग डीपी उतरवायची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालायची, दुरुस्तीला न्यायची. तोवर ऊस वाळतो.

मामांबरोबर मी एका रात्री बांधावर बसलो होतो. लाईट यायची वेळ झाली तशा चारी बाजूंनी बॅटऱ्या चमकल्या. लांबून हाळी आली, “आली का रे?” मामा उठून आधी ऑटो काढून आले आणि म्हणाले, “आपली पाच मिनिटं उशिरा चालू करायची. सगळ्यांची एकदम लागली की डीपी बसते, मग कुणाचीच नाही चालत.” शेजारच्या वस्तीवर जाऊन त्यांनी भाऊंनाही तेच सांगितलं. भाऊ कुरकुरले, पण त्यांनीही काढला. ही अक्कल कुठल्या परिपत्रकानं आलेली नव्हती. डीपी जळाली तर आपलंच जळतं, हे त्या दोघांना ठाऊक होतं. वीज सहकाराचा पाया हाच. वायरमन ओळखीचा असतो, तक्रार घेऊन जायचं कार्यालय एसटीनं अर्ध्या दिवसात गाठता येतं, संचालक पाच वर्षांनी मत मागायला आपल्याच दारात येतो. लांबच्या विभागीय कार्यालयातल्या साहेबापुढे अर्ज घेऊन उभं राहण्यापेक्षा हे नक्कीच बरं.

आणि नेमकी हीच जवळीक वसुलीच्या वेळी आड येते. ज्याची तार तोडायची तो सभासद असतो, मतदार असतो, बऱ्याचदा पाहुणाही असतो. विकास सोसायटीचं कर्ज उसाच्या बिलातून कापलं जातं. शेतकरी चरफडतो, पण कपात होते. विजेच्या बिलाला तशी घट्ट साखळी आपल्याकडे कुठेच बसली नाही. आजही उसाच्या बिलातून वीजबिल कापायचा विषय निघाला की गदारोळ होतो. गावच्या पाणीपुरवठ्याची आणि दिवाबत्तीची बिलं हा आणखी एक भाग. ग्रामपंचायत थकबाकीत गेली तर गावाचं पिण्याचं पाणी कोण तोडणार?

हिशेब कुठे मोडला

इथं थोडं गणित करावं लागेल, कारण सगळं प्रकरण त्यात आहे.

पाच एचपीची मोटार म्हणजे ३.७३ किलोवॉट. ती वर्षात १,००० तास चालली तर ३,७३० युनिट लागतात. २,००० तास चालली तर ७,४६०. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात शेतीपंपांना एचपीवर ठरलेला दर आला: मीटर नको, वाचन नको, पाच एचपीला वर्षाला अमुक रुपये. शेतकऱ्याला सोयीचा, मंडळालाही सोयीचा, कारण रानोमाळ मीटर वाचत फिरणारा माणूस वाचला. पण मधल्या संस्थेचं काय? तिला शेतकऱ्याकडून दोन्ही वेळा तेवढेच पैसे येणार. मंडळाला मात्र ती युनिटवर पैसे देणार, कारण तिच्या घाऊक वीजजोडणीवर मीटर आहे. त्यात तारांतली गळती धरा. समजा शंभरातली पंचवीस युनिटं वाटेत आणि तारेवर आकडे टाकून होणाऱ्या चोरीत गेली. मग ७,४६० युनिटं शेतात पोचवायला संस्थेला जवळजवळ १०,००० युनिटं विकत घ्यावी लागतात. मोटार जितकी जास्त चालेल तितका तोटा वाढतो. सभासदाचा ऊस जोमात, संस्थेचं खातं कोमात. दुकानदारानं माल तोलून आणायचा आणि माणशी ठरलेल्या पैशात हवा तेवढा वाटायचा, असा हा व्यवहार.

मंडळालाही शेतीत तोटाच होता, मग ते कसं तगलं? कारण मंडळाच्या पदरात पुणे, ठाणे, नाशिकच्या औद्योगिक वसाहती होत्या. कारखान्याच्या आणि दुकानाच्या चढ्या दरातून शेतीचा खड्डा भरला जायचा, उरलेला राज्य सरकारच्या अनुदानातून. मुळा-प्रवरेच्या हद्दीत शेतीच शेती. मोठे ग्राहक म्हणावेत असे साखर कारखाने, तर ते उसाच्या भुशावर स्वतःची वीज करणारे. चढ्या दरानं वीज विकत घेऊन शेतीचा भार उचलेल असा ग्राहक संस्थेकडे मोजकाच होता. अमेरिकेतल्या संस्था विरळ वस्तीतून उभ्या राहिल्या हे खरं, पण तिथं सभासदाच्या घरी मीटर होता आणि दर सभासदांचं मंडळ ठरवत होतं. इथं घ्यायचा दर मंडळाचा, विकायचा दर सरकारनं आखून दिलेला. सभासदांच्या हातात राहिलं काय, तर मधल्या तारा.

म्हणूनच संस्था आणि मंडळ यांच्यात घाऊक दरावरून कायम वाद राहिला. आम्हाला शेतीच्याच दराच्या हिशेबानं वीज द्या, हे संस्थेचं म्हणणं. बिल झालं आहे ते भरा, हे मंडळाचं. वादातली रक्कम थकबाकीत, थकबाकीवर व्याज, व्याजावर पुन्हा वाद. त्या दोन हजार कोटींत प्रत्यक्ष न वसूल झालेलं बिल किती आणि दराच्या भांडणातून साचलेलं किती, हे वेगळं करून सांगितल्याशिवाय ‘संस्था बुडवली’ असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पण याच्या उलटही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवं: दर चुकीचा होता म्हणून आकडे टाकणाऱ्याला सोडायचं आणि तीन एचपीच्या नावावर साडेसात एचपी चालवणाऱ्याकडे काणाडोळा करायचा, याला दराचं कारण चालत नाही. तो निर्णय सभासदांच्या हातातला होता. सर्वसाधारण सभेत डीपीनिहाय गळती मांडायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

१९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला आणि दर ठरवण्याचं काम सरकारकडून आयोगाकडे गेलं. संस्था आता दोन कायद्यांखाली होती: १९६० च्या सहकार कायद्याखाली सहकार खात्याकडे, वीज कायद्याखाली आयोगाकडे. २००३ च्या वीज कायद्यानं तर कलम ५ मध्ये खेड्यातलं स्थानिक वितरण पंचायती, ग्राहक संघटना, सहकारी संस्था यांच्याकडे देण्याची दिशा लेखी घालून दिली. वाचायला फार छान वाटतं. पण त्याच काळात, २००४ मध्ये, विधानसभा निवडणुकीआधी राज्यात शेतीला मोफत वीज जाहीर झाली आणि निवडणुकीनंतर वर्षभरातच ती मागे घेतली गेली. एकदा बिल माफ झालेल्या माणसानं पुढचं बिल का भरावं? ज्या संस्थेची मिळकतच या बिलांवर, तिच्यासाठी असा प्रत्येक फेरा जीवघेणा. पाठोपाठ भारनियमनाची वर्षं आली. वीजच आठ तास, तीही रात्री, मग वसुलीला गेलेल्या माणसाला लोक काय ऐकवत असतील ते सांगायला नको.

२००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं. परवान्याची मुदत संपत आली तेव्हा आयोगानं जानेवारी २०११ मध्ये या क्षेत्राचा परवाना महावितरणच्या बाजूनं दिला. तारा आणि खांब मात्र संस्थेचे. सभासदांच्या पैशातून आणि कर्जातून उभं केलेलं हे जाळं दुसऱ्यानं वापरायचं, तर त्याचा मोबदला काय, हा वाद दिल्लीत अपील न्यायाधिकरणापर्यंत गेला. रस्त्याकडेच्या खांबाकडे बघून कुणाला कळणारही नाही, पण त्या काळात खांब एकाचा आणि त्यावरची वीज दुसऱ्याची होती.

भावंडांचं काय झालं

पाच संस्थांपैकी कोडिनार आणि लखनौच्या संस्थाही गेल्या. हुक्केरी आणि सिरसिल्ला टिकल्या.

हुक्केरी आपल्याला लांब नाही. बेळगाव जिल्ह्यात, गडहिंग्लजहून निघालं की संकेश्वर, त्याच्या पुढे. तिथली संस्था आजही वीज वाटते, तिच्या संचालकांच्या निवडणुका चुरशीनं लढल्या जातात. कर्नाटकात दहा एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे, म्हणजे शेतकऱ्याकडून येणं जवळपास शून्य. तरी संस्था चालते, कारण शेतीच्या विजेचे पैसे सरकारनं भरायचे ही जबाबदारी ठरलेली आहे. ते वेळेवर येतात का यावरून कुरबुरी होतच असतात. पण पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न तिथं सभासद आणि संस्था यांच्यामध्ये उभा राहत नाही. माझ्या मते मुळा-प्रवरा आणि हुक्केरी यांतला सगळ्यात मोठा फरक हा.

सिरसिल्ल्याची गोष्ट वेगळी. ते विणकरांचं गाव. सोलापूर आणि भिवंडीच्या पद्मशाली घरांतून विचारलं तर सिरसिल्ल्याला कुणी ना कुणी नातेवाईक निघतोच. तिथं शेतीपंपांबरोबर यंत्रमागही आहेत. माग दिवसभर चालतो, मीटरवर चालतो आणि सवलतीचा का होईना, दर महिन्याला पैसा आणतो. मुळा-प्रवरेला असा मधला ग्राहक मिळाला असता, गूळ, डाळमिल, शीतगृह, काहीही, तर हिशेब थोडा तरी सावरला असता असं मला वाटतं.

आता राज्यात पुन्हा शेतीच्या विजेचा डाव नव्यानं मांडला जातो आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षं बिल माफ आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची असं चाललं आहे. त्याची सुरुवात २०१७-१८ मध्ये झाली ती आमच्याच जिल्ह्यातल्या राळेगण सिद्धीत. यात जमीन गावाची, वीज गावातच वापरली जाणार, प्रकल्प मात्र बहुतेक ठिकाणी बाहेरच्या कंपनीचा. गावाला भाडं मिळतं. मालकीचा विषय कुणी काढत नाही, आणि मुळा-प्रवरेचं नाव निघालं की काढणाराही गप्प बसतो. हे मला मनापासून लागतं.

कारण गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात अगदी छोट्या प्रमाणावर दुसरी वाट चोखाळून झाली आहे. २०१६ मध्ये तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पंप चालवून उरलेली वीज सगळ्यांची मिळून एकाच मीटरमधून वीज कंपनीला विकायची, करार २५ वर्षांचा, दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे. विकायचा दर आधी ठरला, मग संस्था उभी राहिली. प्रत्येकाच्या पंपालाही वेगळा मीटर. पाणी गरजेपेक्षा जास्त उपसलं तर विकायची वीज तेवढी घटते आणि ते महिन्याच्या पैशात दिसतं. शेजाऱ्यांना पाणी विकायचं की कंपनीला वीज, याचा हिशेब तिथला शेतकरी मीटरवरचा आकडा वाचून करतो.